भुवईवरचे सात टाके

समोरच्याची विचारपूस करायच्या आधी ते म्हणायचे, "हनुवटी खाली."

बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. कानांकडे बघायचे. दोन्ही दिसतात की नाही.

खिशात कायम कंगवा. स्वतःच्या डोक्यावर केस नावालाच.

चहा गारच प्यायचे. गरम असताना नेमकं गिऱ्हाईक यायचं, आणि पुढे पुढे गरम चहा आवडेनासाच झाला.

घरात दिवा लावला की आधी सावली कुठे पडली ते पाहायचे, मग दिव्याखालचं माणूस.

गिऱ्हाईक फोटोला आलं की दिव्याच्या स्टँडचा स्क्रू तीनदा पिळायचे. बसायच्या आधी एकदा, बसल्यावर एकदा, बटण दाबायच्या आधी एकदा.

आणि मुलीशी बोलताना ते नेहमी तिच्या उजव्या हाताला उभे राहायचे.

गल्लीत सगळे त्यांना हनुवटीकाका म्हणत. दुकानाच्या पाटीवर खरं नाव होतं, पण ऊन खाऊन फिकं झालेलं ते नाव वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. दुकान म्हणजे एक खोली, मधे पडदा. अलीकडे काउंटर. पलीकडे स्टूल, करडं कापड, दोन दिवे आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. गल्लीतल्या प्रत्येकाच्या ओळखपत्रावरचा चेहरा ह्या पडद्यापलीकडे तयार झाला होता. तयार झाला होता असंच म्हणायला हवं. कॉम्प्युटरवर टचिंग करताना काकांच्या हातात जादू होती. मुरूम जायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जायची, आजारी माणूस बरा होऊन बाहेर पडायचा. लोक फोटो हातात घेऊन आधी हसत आणि मग घरच्यांना दाखवायला धावत.

फक्त एका फोटोला ते हात लावत नसत. काउंटरमागे पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: "व्हिसाचा फोटो. हसू नये. दात दिसू नयेत. केस भुवईवर नकोत. टचिंग मिळणार नाही. हट्ट करू नये." हट्ट करणाऱ्याला ते पुठ्ठ्याकडे बोट दाखवत. "तिकडचे लोक भिंग लावून बघतात," म्हणत. "तीळ काढलात तर तिळासकट घरी पाठवतील."

काउंटरसमोरच्या भिंतीवर वीस चौकटी होत्या. सगळ्या एकाच मुलीच्या. दर वाढदिवसाला एक. पहिली बोळक्या तोंडाची, विसावी चष्म्याची. दुकानातला नमुना म्हणून त्या लावल्या होत्या असं ते सांगत. मुलगी त्यांची. शाळेत असताना मिळेल ती वस्तू दप्तरात साठवून ठेवायची म्हणून घरात तिला खारू म्हणत. काचेच्या गोट्या, भिंगाचे तुकडे, बाटलीची बुडं. मोठी झाली तरी साठवायचं थांबलं नाही. कॉलेजात तिनं काचेचाच अभ्यास घेतला. काच कशी वितळते, कशी थंड करावी, कशानं तडकते.

"लोकांच्या पोरींना सोनं सुचतं, हिला काच," खारूची आई म्हणाली होती. "घरात एक फुटली ती पुरली नाही वाटतं."

ती हे बोलली आणि काका जेवता जेवता उठले. गॅलरीतला दिवा नीट बसलाय का बघून आले.

खारू साडेपाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिला स्टुलावर बसवून ते दिवा लावत होते. स्टँडचा स्क्रू अर्धा पिळला आणि पडद्याबाहेरून कोणी तरी हाक मारली. "काका, आहात का?" ते बाहेर गेले. अर्धं मिनिट. दिवा खाली आला. काच फुटली. डाव्या भुवईतून वर कपाळापर्यंत सात टाके पडले. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब.

घरात ठरलं की पायरीवरून पडली असं सांगायचं. ठरलं म्हणजे खारूच्या आईनं ठरवलं. नवऱ्याचा चेहरा बघून. पोर लहान होती, तिला धड आठवत नव्हतं. घराच्या दारातली पायरी दोषी ठरली. जाता-येता काका म्हणायचे, "मार लाथ तिला." पोर लाथ मारायची. खिदळायची. काका तिच्या उजव्या हाताला उभे राहून बघायचे.

त्यानंतर आलेल्या सहाव्या वाढदिवसाच्या फोटोतली जखमेची रेघ त्यांनी पुसली. सातव्यातली पुसली. मग अंगवळणीच पडलं. खारूचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर आला की त्यांचा हात पहिल्यांदा डाव्या भुवईवर जाई. भिंतीवरच्या खारूला खूण नव्हतीच. घरातल्या तिघांनाही भिंतीवरची खारू खरी वाटायला लागली होती.

खारूच्या विभागाचा जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार होता. दरवर्षी एक विद्यार्थी सहा महिन्यांसाठी जायचा. तिथे काचेची मोठी प्रयोगशाळा होती, पाच भट्ट्यांची. ह्या वर्षी यादीत पहिली खारू होती. दुसरी होती तिच्याच वर्गातली एक मुलगी. ती रोज न चुकता विचारायची, "झाला का गं व्हिसा?" इतक्या गोड आवाजात, की खारूला घरी येऊन चूळ भरावीशी वाटे.

नियम साधा होता. जायच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत व्हिसा हातात नसेल तर जागा दुसरीला.

तयारीनं घराच्या नाकी नऊ आणले. जर्मनची परीक्षा खारू दुसऱ्या प्रयत्नात पास झाली. ऐकण्याच्या भागात अगदी काठावर. तिथले कुठले विषय इथल्या कुठल्या विषयांऐवजी धरायचे त्याच्या तक्त्यावर विभागप्रमुखांची सही हवी होती, आणि विभागप्रमुख भावाच्या घरी जाऊन बसले होते. तिनं तिथे जाऊन, ते दाढी करत असताना, सही घेतली. सहीवर साबणाचा एक थेंब पडला. तो वाळेपर्यंत ती कागदावर फुंकर घालत उभी होती. वसतिगृहातली खोली मिळाली. विमा झाला. खारूची आई शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, बाटल्यांना चिठ्ठ्या लावण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिनं घरभर जर्मन शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या. दारावर, आरशावर, मिठाच्या डब्यावर.

"मला नाही लावलीस," काका म्हणाले.

"तुमच्यासाठी शब्द सापडला की लावते."

काकांनी एकच शब्द मागून घेतला. हनुवटीला तिकडे काय म्हणतात? खारू म्हणाली, "किन." दोन दिवस ते गिऱ्हाइकांना "किन खाली" म्हणत होते. लोक आपल्या पायांकडे बघत.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळता मिळेना. मिळाली ती एकच. पुढची रिकामी तारीख पाच आठवड्यांनंतर. म्हणजे पंधरा तारीख उलटून गेल्यावर. चुकायला जागाच नव्हती. खारूनं कागदांची यादी केली, यादीवर खुणा केल्या, मग खुणांची दुसरी यादी केली. शेवटची ओळ होती: फोटो, दोन.

"त्याची नको काळजी करूस," काका म्हणाले. "तेवढं एक आपल्या घरचं आहे."

फोटो त्यांनी आदल्या दिवशी सकाळी काढला. स्क्रू तीनदा पिळला. केस मागे घ्यायला लावले. चष्मा काढायला लावला. चेहऱ्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली. पार्श्वभूमीचा करडा रंग नमुन्याशी ताडून पाहिला. मग कॉम्प्युटरसमोर बसले. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, एकजण आत डोकावून घाई करत होता. हात थांबले तेव्हा फोटो तयार होता. कापून, लिफाफ्यात घालून, लिफाफ्यावर त्यांनी लिहिलं: "खारू. व्हिसा. वाकवू नये."

मुलाखतीची वेळ दहा वीसची होती. व्हिसाचं कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुकानापासून बसनं सव्वा तासावर. दोघं नऊलाच पोचले. आत फक्त अर्जदार. फोनही आत चालत नव्हता. खारूनं फोन काकांकडे दिला आणि फाइल छातीशी धरून आत गेली. काका समोरच्या फुटपाथवरच्या बाकावर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कान बघत.

आत काचेमागे एक बाई होती. चेहरा निर्विकार. तिनं कागद एकेक करून उलटले. प्रवेशपत्र, तक्ता, विमा, खोलीचा करार. साबणाच्या डागाकडे तिनं पाहिलं आणि पुढे गेली. खारूचा श्वास जरा मोकळा झाला. मग बाईनं फोटो उचलला. पासपोर्ट उघडून शेजारी धरला. खारूकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे.

"हा तुमच्या बहिणीचा फोटो आहे का?"

"नाही. माझाच आहे. मला बहीण नाही."

"मग हे कुठे आहे?" बाईनं स्वतःच्या डाव्या भुवईवर पेनचं टोक टेकवलं. "पासपोर्टच्या फोटोत आहे. तुमच्या चेहऱ्यावर आहे. ह्या फोटोत नाही. फोटोत फेरफार केलेला चालत नाही."

पासपोर्टचा फोटो पासपोर्ट कार्यालयातल्याच कॅमेऱ्यानं काढला होता. तो तिनं कधी नीट बघितलाच नव्हता. पासपोर्टच्या फोटोत सगळेच वाईट दिसतात.

"बाराला खिडकी बंद होते," बाई म्हणाली. "त्याआधी दुसरा फोटो आणलात तर आज घेते. नाही तर नवीन तारीख घ्या."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

काकांनी तिला दारातून पळत येताना पाहिलं आणि ते बाकावरून उठले. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. तिनं फोटो त्यांच्या हातात ठेवला.

"बाबा, ह्यात काय चुकलंय?"

काकांनी फोटो उजेडात धरला. डोकं सरळ. कान दोन्ही. तोंड बंद. सावली नाही. डोळ्यांत लाल नाही. माप बरोबर. "काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "कोण म्हणतं चुकलंय? कोण आहे आत? मी बोलतो. तीस वर्षं..."

"बाबा."

तिनं बोट भुवईवर ठेवलं. फोटोतल्या नाही. स्वतःच्या.

ते तिच्या उजव्या हाताला उभे होते. त्यांना वळून समोर यावं लागलं. मग त्यांनी बघितलं. मग पुन्हा फोटोकडे बघितलं. त्यांनी फोटो खिशात घातला.

"मी पुसलं नाही गं," ते म्हणाले. "शपथ. मी व्हिसाला टचिंग करतच नाही."

"हो बाबा."

"पुठ्ठ्यावर लिहिलंय."

"हो. पण वेळ नाही. आपल्या दुकानात जायचं तर जाऊन-येऊन अडीच तास लागतील. इथे जवळ कोण आहे?"

दोन गल्ल्या सोडून फोटो आणि झेरॉक्सचं एक दुकान होतं. काकांनी सकाळी बसमधून ते पाहून नाक मुरडलं होतं. पाटीवर लिहिलं होतं: पाच मिनिटांत फोटो. आता दोघं तिकडेच धावले. काका मागे पडत होते. खारूनं वळून त्यांच्याकडे हात पुढे केला.

"तू पळ," ते धापा टाकत म्हणाले. "माझं सोड. तू रांगेत उभी राहा."

रांग होतीच. त्या गल्लीत व्हिसासाठी आलेले सगळे इथेच येत असणार. झेरॉक्सवाला जाडजूड, खुशालचेंडू माणूस. एका हातानं कागद, दुसऱ्या हातानं फोटो. पुढच्या तिघांना खारूनं हात जोडले. दोघांनी जागा दिली. तिसरा म्हणाला, "मलाही बारालाच आहे, ताई." त्याचं होईपर्यंत अकरा चोवीस झाले.

झेरॉक्सवाल्यानं खारूला बसवलं, क्लिक केलं, तीन मिनिटांत कागद बाहेर काढला. खारूनं बघितला आणि उठून तो काकांपुढे धरला. भुवईवरची रेघ गुळगुळीत झाली होती. दुधात पाणी मिसळावं तशी कातडीत मिसळून गेलेली.

"छान आलाय," झेरॉक्सवाला म्हणाला. "मशीन डाग आपोआप काढतं. वेगळं काही सांगावं लागत नाही."

"तो डाग नाही," काका म्हणाले.

"मग काय आहे?"

काका मशीनकडे वळले. ते म्हणाले, "ते आपोआप होतं ते बंद करा."

"ते मला नाही माहीत बुवा. मशीनबरोबरच आलंय. आजवर कोणी तक्रार केली नाही."

"मला बसू द्या."

"अहो, माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बसत नाही."

"मी गिऱ्हाईक नाही. मीही फोटोवाला आहे."

झेरॉक्सवाल्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "फोटोवाले? मग घरूनच का नाही काढून आणला?"

काकांनी खिशातला फोटो चाचपला. मग म्हणाले, "आणला होता."

रांगेतलं कोणी तरी हसलं. झेरॉक्सवाला हसला नाही. त्यानं खारूकडे पाहिलं, तिच्या भुवईकडे पाहिलं, काकांच्या खिशातून डोकावणाऱ्या फोटोच्या कोपऱ्याकडे पाहिलं. आणि खुर्चीवरून उठला. "बसा," म्हणाला. "पण कागद संपवू नका माझे."

अकरा एकतीस. काकांना ते सॉफ्टवेअर अनोळखी होतं. एक यादी उघडली, बंद केली. दुसरी उघडली. चेहरा उजळ. त्वचा मऊ. डोळे मोठे. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. एकेक करून त्यांनी सगळ्या खुणा काढल्या. काढलेला फोटो मात्र सुधारला नाही. मशीननं पुसलं ते पुसलंच होतं. पुन्हा काढायला हवा होता.

ते कॅमेऱ्यामागे आले. मग कॅमेरा सोडून दिव्याच्या स्टँडकडे गेले आणि स्क्रू पिळला.

"बाबा, अकरा छत्तीस."

"हो." त्यांनी ती बसल्यावर पुन्हा पिळला.

"अहो, तो घट्ट आहे," झेरॉक्सवाला म्हणाला. "नाही पडत तो."

"पडतो."

"चार वर्षांत पडला नाही."

"पडतो," काका म्हणाले. "एकदा पडलाय. मी अर्धा पिळला होता."

दुकानातलं झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. खारू स्टुलावर बसून बापाकडे बघत होती. काका स्क्रूकडे बघत होते. तिसऱ्यांदा पिळून ते कॅमेऱ्यामागे आले. चौकटीत तिचा चेहरा दिसला. डोळे भरून आले होते.

"खारू, पाणी नको. पाणी आलं की चमक येते. फोटो परत नापास करतील."

"मी नाही आणत. येतंय ते."

"वर बघ. पंख्याकडे. मोज."

"काय मोजू?"

"पाती मोज."

"तीन आहेत, बाबा."

"परत मोज."

अकरा एक्केचाळीसला डोळे कोरडे झाले. काकांनी कॅमेऱ्यातून नीट बघितलं. पंधरा वर्षांत ह्या भुवईकडे त्यांनी एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. रेघ सरळ नव्हती. मधे थोडी डावीकडे वळून परत वर जात होती. दोन ठिकाणी टाक्यांच्या बारीक खुणा अजून होत्या. हे वळण त्यांना माहीत नव्हतं.

"हनुवटी खाली," ते म्हणाले.

तिनं घातली.

कागद निघाला तेव्हा त्यांचा हात सवयीनं माऊसकडे गेला. त्यांनी तो हात मांडीखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं कागद ओढला. कापायला मात्र दोन्ही हात लागले. झेरॉक्सवाल्याचं कटर बोथट होतं. पट्टी लावून, ब्लेडनं, एका दमात चार बाजू. एक मिलिमीटरही इकडचा तिकडे नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, "हात आहे हो तुमचा." काकांनी ऐकलं नाही. खारू दाराबाहेर पोचली होती.

बाराला चार मिनिटं कमी असताना ती फाटकातून आत गेली. बाराला पहारेकऱ्यानं फाटक लावलं. काका त्याच बाकावर बसले. ह्या वेळी त्यांनी कोणाचे कान बघितले नाहीत. साडेबारापर्यंत त्यांनी स्वतःचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर पिळत ठेवली, जणू बोटांत काही धरलंय.

ती बाहेर आली. लांबूनच म्हणाली, "घेतलं."

काकांनी मान हलवली. उठून तिचा फोन तिच्या हातात दिला.

बसमध्ये ती खिडकीकडे, म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला बसली. आपण पुन्हा तिच्या उजव्या हातालाच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं, पण जागा बदलायला बस फार भरलेली होती. अर्धा रस्ता मागे पडला.

"म्हणजे पायरी नव्हती," शेवटी ती म्हणाली.

"नव्हती."

"आईला माहीत आहे?"

"तिनंच सांगितलं पायरी म्हणून. माझ्यासाठी."

खारूनं भुवईवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्या बिचाऱ्या पायरीला मी किती लाथा मारल्यात, बाबा."

काकांना हसू आलं आणि ते त्यांनी तोंडावर हात ठेवून आत दाबलं. रडूही त्याच हातानं दाबलं असणार. शेजारचा माणूस उठून पुढे गेला.

"मला एकदा सांगायचं होतंत," ती म्हणाली. "डोळा गेला नव्हता ना. मी काय केलं असतं? तुम्हाला लाथ मारली असती एक. संपलं असतं."

उतरल्यावर काका तिच्या डाव्या हाताला चालले. जमत नव्हतं, दोनदा तिच्या पायावर पाय पडला.

व्हिसा अकरा तारखेला आला. जागा राहिली. यादीतल्या दुसरीनं मिठी मारून अभिनंदन केलं, खारूनं घरी येऊन चूळ भरली. विमानतळावर आतल्या तपासणीच्या काउंटरवर एक कॅमेरा होता. बाहेर काचेपाशी उभे राहून काकांनी तिला खुणा केल्या. ती वळली. "काय?" काकांनी दोन बोटांनी हनुवटी खाली ओढून दाखवली. खारूच्या आईनं त्यांचा हात खाली केला. "जाऊ द्या हो तिला," म्हणाली. "तिकडे आहेत फोटोवाले."

दुसऱ्या दिवसापासून काका दुकान तासभर लवकर उघडू लागले.

भिंतीवरची विसावी चौकट त्यांनी आधी उतरवली. मूळ फोटो कॉम्प्युटरमध्ये होता. छापला, लावला. एकोणिसावी आणि अठरावीही तशीच झाली. त्याआधीच्या वर्षांचे मूळ फोटो त्यांनी ठेवलेच नव्हते. ठेवायची इच्छा नव्हती तेव्हा. आता पुसलेल्या फोटोवर ती रेघ परत काढायला हवी होती. ज्या हातानं पंधरा वर्षं पुसलं त्या हाताला काढायचं माहीत नव्हतं. व्हिसाचा उरलेला फोटो त्यांनी कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवला आणि सतराव्या वर्षापासून सुरुवात केली.

खारूला ते फोन करत. ती प्रयोगशाळेत असायची, मागे भट्टीचा आवाज.

"जरा उजेडात ये. फोन भुवईजवळ धर. आणखी."

"बाबा, इथे काच वितळत ठेवलीय मी."

"वितळू दे. वळण कुठून सुरू होतं ते दिसत नाही."

ती फोन जवळ धरायची. तिच्या सोबतच्या जर्मन मुलानं एकदा विचारलं, वडील डॉक्टर आहेत का? ती म्हणाली, फोटोवाले आहेत. तो काहीच न समजून मान हलवत राहिला.

वय कमी होत गेलं तसं काम अवघड होत गेलं. लहान चेहऱ्यावर रेघ मोठी दिसायला हवी, रंग अधिक ताजा. हे फक्त आठवणीतून काढता येणार होतं. काका बायकोला दुकानात बोलवत. "दहाव्या वर्षी इथपर्यंत होती की इथपर्यंत?"

"इथपर्यंत," ती बोट ठेवायची. "अहो, मी रोज तेल लावायचे तिथे. मला विचारा की."

आठव्या वर्षाच्या फोटोत आईनं कापलेली झुलपं कपाळावर आली होती. त्यात काही करायचं नव्हतं. "बघा," ती म्हणाली, "एक तरी वर्ष तुमचं काम मी वाचवलं." काका हसले. तो फोटो त्यांनी तसाच पुन्हा टांगला. सातवा झाला. खाली एकच उरला. सहावा वाढदिवस. अपघातानंतर पाच महिन्यांचा.

त्याला किती दिवस लागले ते नेमकं कोणाला माहीत नाही. फोल्डरमध्ये सहावा-एक, सहावा-दोन अशा चौदा फाइली आहेत. प्रत्येक भुवईपासून सुरू होते.

खारूला जाऊन अडीच महिने झाले होते. सकाळी साडेनऊला एक बाई पासपोर्ट साइजच्या फोटोला आली. पडदा बाजूला होता. काका खुर्चीत पाठमोरे बसले होते, कॉम्प्युटर चालू होता. कामात असतील म्हणून ती स्टुलावर बसली. तिला इथला रिवाज ठाऊक होता. दहा मिनिटं ती हनुवटी खाली घालून बसून होती. मग तिनं हाक मारली. "काका, आहात का?"

काका गेल्याचं कळून खारू आली आणि आठ दिवसांनी परत गेली. परीक्षा होती. आईनंच तिकीट पुढे सरकवलं. जायच्या आदल्या दुपारी दोघी दुकानात गेल्या. आईनं कॉम्प्युटर बंद केला नव्हता. कोणाला करू दिला नव्हता. खारू खुर्चीत बसली, माऊसवर हात ठेवला आणि काढून घेतला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर सहा वर्षांची मुलगी होती. पुढचा एक दात पडलेला, हनुवटी खाली. डाव्या भुवईतून एक लालसर रेघ वर निघाली होती. मधे थोडी डावीकडे वळली होती. तिच्यावर आडवे टाके घातले होते, एकेक करून, अगदी बारीक. चार झाले होते. त्याच्या वर कपाळ कोरं होतं.